खणाचं भाडं: जुन्या कॉम्प्युटरच्या एका छोट्या म्युझियमने पैसे कसे उभे केले

(नावं आणि पत्ता मुद्दाम दिलेले नाहीत. आकडे आमच्या वहीतले आहेत, थोडे राउंड केलेत. मी तिथे हिशोब बघतो, त्यामुळे सगळं हिशोबवाल्याच्या नजरेतून आलंय.)

पार्श्वभूमी

पुण्यात एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर साधारण ६०० स्क्वेअर फुटाचा गाळा आहे. खाली पूर्वी छापखाना होता, आता झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग. वर आमचं म्युझियम. म्युझियम हा शब्द जरा मोठाच झाला, पण दारावरच्या पाटीवर तोच आहे. शनिवार-रविवार उघडं, बाकी दिवस फोन करून या.

हे सुरू झालं २०१४ ला, काकांच्या सामानातून. काका म्हणजे हार्डवेअर इंजिनियर, ऐंशीच्या दशकापासून ऑफिसांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आणि ऑफिसने "घेऊन जा हो हे" म्हटलं की खरंच घरी घेऊन यायचे. काकूंनी वीस-पंचवीस वर्षं सहन केलं, मग माळा वाकला. त्यांच्या एका मित्राचा हा गाळा रिकामा होता, तो म्हणाला ठेव इथे, भाडं नको, लाइट बिल भर. असं सगळं सुरू झालं. हळूहळू अजून लोक सामान आणून देत गेले आणि आम्ही सात जण जमलो. बँकेतून रिटायर झालेल्या एक मॅडम, दोन आयटीवाले, एक कॉलेजमधले सर, मोबाइल रिपेअरचं दुकान असलेला एक पोरगा, काका आणि मी.

एकूण १४० च्या आसपास मशीन्स आहेत, चालू चाळीसेक. त्यात डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, म्हणजे ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रमचा परवाना घेऊन डेसिबेल्स कंपनीने १९८६ पासून इथे विकलेला. एका शाळेच्या गोडाऊनमधून आलेला बीबीसी मायक्रो आहे. १९८४-८५ च्या सुमारास केंद्र सरकारने 'क्लास' नावाच्या योजनेत शाळांना हे मशीन दिलं होतं, आमच्या वयाच्या बऱ्याच लोकांनी आयुष्यातला पहिला की-बोर्ड तोच बघितलाय, बघितलाय म्हणजे लांबून, हात लावायचा नंबर वर्षात दोनदा यायचा. आणि डॉसवर मराठी दाखवणारं जिस्ट कार्ड आहे. ते लावलेलं मशीन चालू करून काळ्या पडद्यावर देवनागरी उमटली की म्हातारे पत्रकार अक्षरशः गप्प होतात.

तिकीट नव्हतं. दाराशी एक डबा, महिन्याला अडीच हजार जमायचे, त्यात लाइट बिल कसंबसं निघायचं.

अडचण

जानेवारी २०२२ मध्ये काकांचे मित्र गेले. महिन्याभराने त्यांचा मुलगा आला, अगदी नीट बोलला, म्हणाला बाबांनी काय ठरवलं होतं मला माहितेय पण मला घराचे हप्ते आहेत, एप्रिलपासून महिन्याला १८,००० द्या, डिपॉझिट एक लाख, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट करू. बाजारभावापेक्षा हे कमीच होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

भाडं १८,०००, लाइट साडेतीन, मेंटेनन्स दीड, आणि सुटे भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सिलिका जेल वगैरे मिळून तीन, म्हणजे महिन्याला २६,०००. वर्षाला तीन लाख बारा हजार, वर डिपॉझिट. जमा अडीच हजार.

आता मुख्य गोम सांगतो, जी आम्हाला कळायला दीड वर्ष लागलं. असल्या म्युझियमला वस्तू फुकट मिळतात, माणसं फुकट राबतात, फक्त जागा फुकट मिळत नाही. आणि जागेचा खर्च दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. आम्ही मात्र शोधत बसलो एकरकमी मोठा पैसा.

दुसरी अडचण कागदाची. आम्ही कोण होतो? कायद्याने कोणीच नाही. डब्यातले पैसे काकांच्या सेव्हिंग खात्यात जायचे. मॅडमच्या ओळखीच्या एक सीए ताई आल्या, त्यांनी पासबुक बघितलं, म्हणाल्या काका, उद्या इन्कम टॅक्सने विचारलं तर हे तुमचं उत्पन्न आहे, आणि उद्या तुम्हाला काही झालं तर हे तुमच्या मुलींचं आहे, मशीन्ससकट. काकांना राग आला. पण ताईंचं खरं होतं.

पर्याय काय होते

पहिला, एका इंजिनियरिंग कॉलेजने खोली देऊ केली. फुकट, वीज त्यांची, शिपाई त्यांचा. अट अशी की सगळ्या मशीन्स कॉलेजच्या नावावर करायच्या आणि रविवारी कॉलेज बंद. आम्ही दोन रविवार यावर वाद घातला आणि ४ विरुद्ध ३ ने नाही म्हटलं. मी 'नाही'वाल्यांत होतो. काकांना भीती होती की प्रिन्सिपल बदलले की सगळं भंगारात जाईल, आणि ही भीती खोटी नाही, आमच्याकडचं निम्मं सामान कुठल्यातरी संस्थेने भंगारात काढलेलंच आहे. तरी खरं सांगू, त्या निर्णयाबद्दल मला अजून खात्री नाही. मालकी आमच्याकडे ठेवून पाच वर्षांसाठी वस्तू उसन्या द्यायचा करार मागता आला असता. आम्ही तो मागितलाच नाही, सरळ हो की नाही एवढंच बघितलं.

दुसरा, डबल असलेल्या वस्तू विकणे. जुन्या बाजारातला एक जण तर किलोवर घ्यायला तयार होता, जुन्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये सोनं असतं म्हणून. काका म्हणाले त्यापेक्षा मला विका. इथेही कागद नव्हता, कोणी काय दिलं, कायमचं दिलं की ठेवायला दिलं, काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून फक्त काकांचं स्वतःचं थोडं डबल सामान एका कलेक्टरला विकलं आणि तो विषय बंद केला.

तिसरा, सीएसआर. सगळ्यांच्या डोळ्यासमोर हाच होता. कंपनी कायद्याप्रमाणे ५ कोटींच्या वर नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, वारसा जतन त्या यादीत बसतं, आणि पुण्यात कंपन्यांना काय तोटा. आम्हाला वाटलं एकाने दहा लाख दिले की तीन वर्षं निवांत.

चौथा, ऑनलाइन क्राउडफंडिंग. पाचवा, दर महिन्याला थोडे थोडे पैसे देणारी माणसं जमवणे. हा पाचवा मॅडमनी पहिल्याच मीटिंगमध्ये मांडला होता. आम्ही म्हटलं, ५००-५०० गोळा करत कुठे फिरायचं, भिशी आहे का ही?

बाहेरचीही उदाहरणं चाळली. इंग्लंडमधलं ब्लेचली पार्कचं नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग स्वतंत्र चॅरिटी आहे, तिकीट, मेंबर, स्पॉन्सर असं दहा ठिकाणाहून पैसे आणतं, राबणारे बरेचसे स्वयंसेवक. उलट सिॲटलचं लिव्हिंग कॉम्प्युटर्स म्युझियम, मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलन यांच्या पैशावर उभं राहिलेलं, जगात भारी. ॲलन २०१८ ला गेले, २०२० ला कोविडमध्ये दार बंद झालं ते उघडलंच नाही, आणि २०२४ मध्ये त्यातलं काही सामान क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या लिलावात गेलं. ही शेवटची बातमी आली तेव्हा आम्ही या सगळ्यातून गेलेलो होतो, पण एकाच माणसाच्या मेहरबानीवरची जागा म्हणजे काय हे आम्हाला आधीच कळलं होतं.

काय केलं, आणि कुठे फसलो

आधी डिपॉझिट आणि सुरुवातीचं भाडं. पाच जणांनी ४०-४० हजार घातले. हे उसने की देणगी, कोणीच विचारलं नाही, विचारणं बरं दिसत नव्हतं. पुढे एकाच्या घरी लग्न निघालं, त्याने पैसे परत मागितले आणि तेव्हा कळलं की दोघांच्या मनात ते उसने होते, तिघांच्या मनात देणगी. तोपर्यंत ट्रस्ट झाला होता, आणि ट्रस्टने कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, म्हणजे कागदावर ते कर्ज दाखवायचीही सोय नाही. शेवटी बाकीच्यांनी खिशातून त्याचे पैसे दिले. तो अजून येतो, पण पूर्वीसारखा बसत नाही. पहिल्या वर्षी तरीही जवळपास एक लाख ऐंशी हजार कमी पडत होते आणि भाडं मात्र वेळेवर जात होतं, कसं ते मार्चमध्ये हिशोब जुळवताना कळलं. काकांनी एफडी मोडली होती. कोणाला न सांगता.

ट्रस्टची नोंदणी नोव्हेंबर २०२२ ला झाली, सात महिने लागले. मधल्या काळात जाहीरपणे पैसे मागायचे नाहीत असं ताईंनी बजावलं होतं, नोंदणी नसताना मागायचे तर धर्मादाय कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी लागते, गणपती मंडळं काढतात तीच. मग इन्कम टॅक्सच्या दोन नोंदण्या, १२एबी (ट्रस्टला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत), दोन्ही प्रोव्हिजनल.

जानेवारी २०२३ ला क्राउडफंडिंग लावलं. "पुण्याचा कॉम्प्युटर वारसा वाचवा", टार्गेट १० लाख, काकांचा व्हिडिओ, मागे बासरी. साठ दिवसांत १ लाख ४२ हजार. आणि नावं बघितली तर जवळपास सगळे ओळखीचे, जे आधीच येऊन गेलेले. अनोळखी माणसांनी व्हिडिओ शेअर भरपूर केला, "खूप छान उपक्रम" लिहिलं, पैसे नाही दिले. त्यांची चूक नाही म्हणा. दहा लाखांत तुमचे ५०० पडून काय होणार हे आम्ही सांगितलंच नव्हतं.

परदेशातल्या पैशाचा किस्सा वेगळाच. काकांचा जुना ज्युनियर न्यू जर्सीत असतो, म्हणाला पाच हजार डॉलर पाठवतो, अकाउंट नंबर दे. काका देणारच होते, ताईंनी फोनवरच ओरडून थांबवलं. त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, म्हणजे कायद्याने तो परदेशी स्रोत, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याचा एक डॉलर घेता येत नाही, आणि नोंदणीला संस्थेची तीन वर्षं पूर्ण आणि तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेला लागतो. आमचा ट्रस्ट काही महिन्यांचा. उलट जर्मनीतल्या एकीचा पासपोर्ट भारतीयच होता, तिने बँकेतून स्वतःच्या बचतीतले पाठवले ते चालले. न्यू जर्सीवाल्याला फार वाईट वाटलं, "अरे मी काय परका आहे का" म्हणाला. कायद्याने, हो.

सीएसआरच्या अकरा मेल पाठवल्या, तीन मीटिंगा झाल्या. दोघांनी पहिल्याच पाच मिनिटांत तीन वर्षांचे ऑडिटेड हिशोब मागितले. आम्ही २०१४ पासून आहोत हो, पण कागदावर परवा जन्मलो. तिसरे एक साहेब मात्र जून २०२३ मध्ये स्वतः बघायला आले, आणि तो दिवस जरा सविस्तर सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर फिरलं.

पाऊस नुकताच लागला होता. काकांनी कौतुकाने बीबीसी मायक्रो चालू केला. दोन पावसाळे तो लावलेला नव्हता. ती ओळखीची दोन सुरांची बीप आली, पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' आलं, साहेब वाकून बघायला लागले आणि फट्. मागून पांढरा धूर, भसाभसा, आणि असा घाणेरडा वास की खालचा झेरॉक्सवाला वर आला. ज्यांनी ही मशीन्स उघडलीत त्यांना एव्हाना कळलं असेल, पॉवर सप्लायमधला रिफा कंपनीचा कपॅसिटर. पिवळसर पारदर्शक चौकोनी तुकडा, आत कागद असतो, वरच्या कवचाला तडे जातात, दमट हवा शिरते आणि थेट २३० व्होल्टवर बसलेला असल्याने एक दिवस फुटतो. गंमत म्हणजे मशीन चालूच होतं, धुरामागे कर्सर लुकलुकतोय.

साहेब घाबरले नाहीत. खिडकी उघडली, आणि दोन प्रश्न विचारले. बाकीच्या मशीन्समध्येही हे होऊ शकतं का? काका म्हणाले हो. मग, कितींचे बदललेत? आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोणालाच माहीत नव्हतं. काकांच्या डोक्यात होतं, रिपेअरवाल्या पोराच्या मोबाइलमध्ये थोडं होतं, रजिस्टर असं नव्हतंच. साहेब म्हणाले, मी पैसे कशासाठी देऊ? यादी करा, मग बोलू. पुढे त्यांच्याकडून पैसे आले नाहीत, त्यांची बदली झाली. पण यादी आम्ही केली.

दोन महिने, प्रत्येक शनिवारी. प्रत्येक मशीनला नंबर, कोणाकडून आलं, चालू की बंद, कुठला कपॅसिटर बदलायचा, बॅटरी गळालीय का. ३८६ प्रोसेसरच्या किती बोर्डांवर गळालेल्या बॅटरीने हिरवा गंज चढवून ट्रॅक (तांब्याच्या रेघा) खाल्ले होते ते तेव्हा कळलं, चौदा. यादी करता करता कपाटांचे खण मोजले, ४८ भरले. आणि मॅडमनी त्या वहीच्या मागे भागाकार केला. भाडं आणि वरखर्च भागिले खण. ५०० रुपये आणि थोडे वर.

बस्स, तीच योजना झाली. म्युझियम वाचवा नाही, दहा लाख नाही. हा खण, यात हे मशीन, याचं महिन्याचं भाडं ५००, वर्षाचे ६,०००. तुम्ही भरता का? भरलंत तर खणाच्या कडेला छोटी पट्टी लावू, तुमच्या किंवा तुम्ही सांगाल त्या नावाची. मागितले फक्त अशांनाच जे आधी येऊन गेलेत, अभिप्रायाच्या वहीत ज्यांचे फोन नंबर होते, आणि मेसेज न करता फोन केले. मॅडमनी एकटीने नव्वद फोन केले असतील. "तुम्ही मागच्या वर्षी मुलीला घेऊन आला होतात बघा, ती त्या स्पेक्ट्रमवर खेळत बसली होती, तो खण रिकामा आहे." रिकामा म्हणजे बिनभाड्याचा. दिवाळी २०२३ ला सुरू केलं, मार्च २०२४ पर्यंत ४१ खण गेले. न्यू जर्सीवाल्याने एक पैसा न पाठवता पुण्यातल्या त्याच्या जुन्या मित्रांना फोन लावले, सात जणांनी स्वतःच्या खिशातून घेतले.

बाजूने अजून एक आलं जे आम्ही शोधलं नव्हतं. एका वेब सिरीजच्या आर्ट डिपार्टमेंटमधून फोन आला, नव्वदच्या दशकातलं ऑफिस उभं करायचंय, जुने मॉनिटर मिळतील का. पहिल्यांदा भोळेपणाने चालू मशीन्स दिल्या, एका मॉनिटरची मान तुटून आली. आता फक्त बंद पडलेले डबे, आधी डिपॉझिट, आणि उचलायला आमचा पोरगा बरोबर. वर्षाला साठेक हजार येतात. ताईंचा इशारा इथेही होताच, असं धंद्यासारखं उत्पन्न ट्रस्टच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर गेलं की करसवलत धोक्यात. रविवारच्या सोल्डरिंग वर्कशॉपची फी पण त्यातच धरायची का यावर आमचं आणि ताईंचं अजून चालूच आहे.

निकाल

मार्च २०२५ चा हिशोब. खण ४१ वरून ३१ वर आले. भांडून कोणी गेलं नाही, यूपीआय ऑटोपे कुठेतरी बंद पडतं, माणूस फोन बदलतो, आणि ५०० साठी आठवण करायला आपल्यालाच ओशाळं वाटतं. त्याचे साडेपंधरा हजार, शूटिंगचे सरासरी पाच, शाळांच्या सहली आणि वर्कशॉप चार, डबा तीन. साडेसत्तावीस हजार. खर्च साडेअठ्ठावीस, कारण भाडं आता २०,००० झालंय, बाकीचंही थोडं वाढलंय. महिन्याला एक हजाराची खोट आहे, ती मी आणि सर भरतो, आणि या वेळी ती देणगी आहे असं लिहून ठेवलंय.

गाळामालकाच्या मुलाने पण एक खण घेतला, वडिलांच्या नावाने. तो आम्हाला ५०० देतो, आम्ही त्याला २०,०००. पावती मात्र आम्ही त्याला देतो.

काकांची एफडी परत भरली गेलेली नाही.

परत करायचं झालं तर

रजिस्टर पहिल्या दिवसापासून. वही पुरते, फक्त 'कोणी दिलं, कायमचं की ठेवायला' हा रकाना हवा आणि देणाऱ्याची सही.

ट्रस्ट गरज पडायच्या आधी करायला हवा होता. २०१४ लाच नोंदणी केली असती तर सीएसआरवाल्यांना दाखवायला आठ वर्षांचे ऑडिट असते. ८०जी बद्दल मात्र आमचा अंदाज चुकला. आम्हाला वाटलं पावतीसाठी लोक धावत येतील, पण खण घेणाऱ्यांतले बरेच नव्या टॅक्स रिजीममध्ये, त्यांना त्याचा फायदाच नाही. उलट काम वाढलं, प्रत्येक देणगीदाराचा पॅन गोळा करून ३१ मेच्या आत देणग्यांच्या तपशिलाचा १०बीडी फॉर्म भरायचा, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. मागच्या वर्षी २९ मेला रात्री अकरा वाजता मी एका आजोबांना पॅन विचारायला फोन केला, त्यांना वाटलं फ्रॉड आहे. बरोबरच वाटलं.

महिन्याला ५०० ऐवजी वर्षाचे ६,००० एकदम मागायला हवे होते. जे दहा गळाले त्यातल्या सात जणांना गळाल्याचं माहीतच नव्हतं, फोन केल्यावर चौघांनी वर्षाचे एकदम भरतो म्हटलं. एप्रिलपासून तसंच करतोय.

आणि रिफाचे कपॅसिटर. नग शंभरच्या आत मिळतात, आता ज्या ज्या सप्लायमध्ये होते ते सगळे बदललेत, सतरा मशीन्स. फुटलेला एक काकांनी काचेच्या बाटलीत घालून खण नंबर ९ मध्ये बीबीसीशेजारी ठेवलाय. झाकण उघडलं की अजून वास येतो.